बंदुकीचा चाप : त्याची रुंदी, स्पर्श आणि नेम

जुन्या हत्यारांच्या संग्रहांविषयीं आजवर जें लेखन झालें आहे, त्यांत बंदुकीच्या नळीला जो मान मिळाला तो तिच्या इतर अवयवांस मिळालेला नाहीं. नळीवरील कोफ्तगिरी, तीवर कोरलेला लेख, कारागिराचा शिक्का, नळीची लांबी, गोळीचें माप हीं सर्व काळजीपूर्वक नोंदलीं जातात. दस्त्यावरील हस्तिदंताचें व चांदीचें कामही वर्णिलें जातें. परंतु बंदूक चालविणाराचें बोट ज्या अवयवावर प्रत्यक्ष टेकत असे, त्या चापाविषयीं "पानाच्या आकाराचा, जाळीदार" एवढ्या शब्दांपलीकडे सूचीकार सहसा जात नाहींत. एगर्टनसाहेबांचा हिंदी शस्त्रांवरील सचित्र ग्रंथ १८८० सालीं निघाला. तेव्हांपासून या विषयाचा पुष्कळ विस्तार झाला, तरी चापाची रुंदी मोजून लिहिण्याची चाल पडली नाहीं. ही उणीव क्षुल्लक नव्हे, व या एका मापांतून जुन्या बंदुकीच्या उपयोगासंबंधीं पुष्कळ कळूं शकतें, असें आम्हांस वाटतें. तें मत आधारांसह येथें मांडण्याचा उद्देश आहे.

शब्दांविषयीं आरंभींच खुलासा करणें बरें. जळती वात ती तोडा किंवा जामगी. कानाजवळच्या वाटींत घालावयाची बारीक दारू ती रंजक. तोडा किंवा गार धरणारा वांकडा लोखंडी अवयव तो घोडा. ज्यावर बोट ठेवून घोडा हालवितात तो चाप, आणि घोडा व चाप यांस जोडणारी आंतील योजना ती कळ. बोलण्यांत चापासही घोडा म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु या लेखांत हे दोन शब्द आम्ही वेगळे ठेविले आहेत.

१. जोर आणि जाणीव

चाप ओढण्यास लागणारा जोर आणि तो जोर बोटास जसा जाणवतो ती जाणीव, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चापास वजन टांगून पाहिलें व चार पौंडांस घोडा सुटला, तर त्या चापाचा जोर चार पौंड. चाप रुंद असो कीं अरुंद, टांगलेल्या वजनास त्याची पर्वा नाहीं. बोटाचें मात्र तसें नाहीं. बोट चापावर आडवें टेकतें व चापाच्या उभ्या लांबीपैकीं सुमारें अर्धा इंच त्याखालीं झांकला जातो, असें धरूं. चाप पाव इंच रुंद असेल तर टेकलेली जागा चौरस इंचाचा आठवा भाग होते व चार पौंडांचा दाब दर चौरस इंचास ३२ पौंड या मानानें पडतो. तोच चाप अर्धा इंच रुंद असेल तर हें मान १६ पौंडांवर येतें. बोट मऊ व गोल असल्यामुळें प्रत्यक्षांत हा हिशेब इतका नेमका उतरत नाहीं. तथापि रुंद चाप हलका भासतो व अरुंद चाप जड भासतो, हा नेमबाजांचा अनुभव याच कारणानें आहे. बंदूक बदललेली नसते, कळही बदललेली नसते. बदललेली असते ती केवळ जाणीव.

मग सर्वच चाप रुंद कां नसावेत? रुंदीचीही किंमत द्यावी लागते. पहिली गोष्ट अशी कीं, उजव्या हाताचें बोट चापावर उजवीकडून येतें. चाप अरुंद असेल तर बोटाचा जोर बंदुकीच्या मध्यरेषेच्या जवळच राहतो. रुंद चापावर तो जोर एखाद्या कडेस पडण्याचा संभव असतो, आणि कडेस पडलेला जोर ओढण्याबरोबर किंचित् पीळही देतो. हलक्या पिस्तुलांत हा पीळ नेम चुकविण्यास पुरतो. लांब व जड नळीच्या बंदुकींत त्याचा परिणाम थोडा, कारण तेवढ्या पिळानें जड नळी सहसा हालत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, अरुंद चापाची कड बोटाच्या त्वचेवर नेमकी एका जागीं लागते. त्यामुळें कळ सुटण्यापूर्वींचा अडथळा व सुटण्याचा क्षण हे दोन्ही स्पष्ट समजतात. रुंद चापावर तीच सूचना मोठ्या जागेंत पसरते व मंद होते. म्हणजे रुंदीनें सुख मिळतें, अरुंदपणानें वार्ता मिळते. यांपैकीं अधिक गरज कशाची, हें कळीच्या जातीवर अवलंबून आहे.

२. तोड्याची साधी कळ

मोगलाईंत व उत्तर हिंदुस्थानांत ज्या तोड्याच्या बंदुका सर्वत्र आढळतात, त्यांची कळ अगदीं साधी आहे. दस्ता सरळ व सडपातळ, दोन्ही अंगांस लोखंडी पट्ट्या, आणि दस्त्याच्या फटींतून वर आलेला दुबेळका घोडा. चाप ओढला कीं घोडा पुढें वाकतो व तोड्याचें जळतें टोंक नळीच्या उजव्या अंगास असलेल्या रंजकाच्या वाटींत उतरतें. या रचनेंत घोडा कोठें अडकवून ठेविलेला नसतो, म्हणून "सुटण्याचा क्षण" असा कांहीं नाहीं. बोट जितकें चालेल तितका घोडा चालतो. बोट थांबलें तर घोडा थांबतो. बोट सैल सोडलें तर तोडा मागें येतो.

या कळीचा हा गुण आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा आहे. तींत माघार घेतां येते. शिकारीनें अंग फिरविलें, मध्यें आपला माणूस आला, किंवा नेम ढळला, तर अर्ध्या वाटेवरचा तोडा परत उचलतां येतो. उलट ज्या कळींत घोडा कमानीच्या जोरावर अडकविलेला असतो, तींत एकदां अडसर सुटला म्हणजे उपाय राहत नाहीं. म्हणून साध्या कळींत बोटास "किती" हें कळावें लागतें, तर अडसराच्या कळींत "केव्हां" हें कळावें लागतें. चापाच्या रुंदीचा प्रश्न या भेदाशीं जोडून पाहिला पाहिजे.

साध्या कळीस जोर थोडा लागतो, कारण कमानीचा मोठा विरोध नसतो. तेव्हां येथें रुंदीचें काम बोटाचें दुखणें वांचविणें हें नव्हे. लांब पल्ला सावकाश व एकसारख्या गतीनें चालविणें हें तिचें काम. तोडा झपाट्यानें वाटींत आदळला तर विस्तव दबून विझण्याची भीति, आणि हिसका बसून नेम ढळण्याची भीति तर सदाचीच. त्यामुळें चापावर बोट घसरूं नये, प्रसंगीं दोन बोटेंही टेकतां यावीं, आणि चापाची कड त्वचेंत रुतूं नये, यासाठीं सपाट व रुंद पान सोयीचें पडतें. चापाची लांबी वेगळें काम करते. खिळीपासून बोट जितकें दूर, तितका जोर कमी व बोटाचा प्रवास अधिक. म्हणजे लांबीनें घोड्याची चाल बारीक होते, आणि रुंदीनें ती बारीक चाल बोटाच्या ताब्यांत राहते. दोन्ही मापें एकत्र पाहिल्यावांचून चापाचा अर्थ लागत नाहीं.

फ्रेंच प्रवासी बर्निये हा १६५८ च्या सुमारास हिंदुस्थानांत आला. मोगल पायदळाविषयीं तो लिहितो कीं, हे लोक उकिडवे बसून, बंदुकीस जोडलेल्या लांकडी दुबेळक्यावर नळी टेकवून बार काढतात, व दाढी-पापण्या होरपळण्याच्या भयानें बिचकतात. त्याच्या लिहिण्यांत उपहास आहे. तो वजा केला तरी एक उपयुक्त गोष्ट शिल्लक राहते. नळीचा भार दुबेळक्यानें घेतला म्हणजे उजव्या हातावर बंदूक पेलण्याचें ओझें उरत नाहीं, आणि बोट चापावर मोकळें राहतें. लांब पल्ल्याचा चाप सावकाश ओढण्यास अशी बैठक अनुकूलच आहे.

३. गोवें व दक्षिणेकडील किनारा

अडसराची तोड्याची कळ आपणांस उत्तरेंत नव्हे, तर समुद्रकिनाऱ्यास पाहावयास मिळते. गोवें १५१० सालीं पोर्तुगीजांकडे गेलें. तेथील कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीच्या बंदुका करतात, असें आल्बुकर्कनें आपल्या राजास १५१३ सालीं कळविलें. पुढें ज्या कळीची बंदूक गोवें, मलबार व सिंहलद्वीप येथें रूढ झाली, तिच्यांत घोडा कमानीनें ताणलेला असून तो एका लहान अडसरानें अडविलेला असतो. चाप अडसर मागें घेतो, आणि घोडा आपल्याच जोरानें वाटींत पडतो. १५४३ सालीं पोर्तुगीजांबरोबर ज्या बंदुका जपानांतील तानेगाशिमा बेटावर पोंचल्या, त्यांच्यापासून झालेल्या जपानी बंदुकांत हीच जात पुढें तीनशें वर्षें टिकली.

जपानी बंदुकीचा चाप पाहणारास प्रथम आश्चर्य वाटतें, कारण तो बंदुकीच्या मानानें फार लहान व बारीक असतो. परंतु वर सांगितलेला भेद लक्षांत घेतला म्हणजे आश्चर्य राहत नाहीं. कमान हलकी, अडसराचें टोंक लहान, बोटाचा प्रवास अल्प. येथें बोटाला दारूपर्यंत विस्तव न्यावयाचा नाहीं, एक लहानसा अडथळा काढावयाचा आहे. जोर थोडा असल्यामुळें बारीक चाप बोटास लागत नाहीं, आणि बारीक असल्यामुळें अडसर केव्हां सुटेल याची वार्ता तो स्पष्ट देतो. युरोपांतही हाच न्याय दिसतो. सोळाव्या शतकापासून जर्मन प्रदेशांत लक्ष्यवेधाच्या बंदुकांस दुहेरी चाप बसवूं लागले. एका चापानें आंतील लहान कमान ताणून ठेवावयाची व दुसऱ्यास नुसता स्पर्श करावयाचा. हा स्पर्शाचा चाप कित्येकदां सुईइतका बारीक असे. जोर जवळजवळ नाहींसा झाल्यावर रुंदीची गरजच उरली नाहीं.

४. चकमकीची बंदूक व कवाइती फौज

याच्या उलट टोंकास कवाइती फौजेची चकमकीची बंदूक येते. गार पोलादावर आपटून ठिणगी पडावी यासाठीं घोड्याची कमान जबर लागते. त्या जोरास आवरणारी खांच खोल ठेवावी लागते, नाहींतर शिपायाच्या खांद्यावरील बंदूक धक्क्यानें सुटावयाची. त्यामुळें चाप जड होतो. इंग्रजी पलटणींची अठराव्या शतकांतील बंदूक या जातीची. तिचा चाप साधा, सपाट व पुरेसा रुंद असे. हा रुंदपणा वर सांगितलेल्या पहिल्या कामाचा, म्हणजे जड जोर बोटास सुसह्य करण्याचा आहे. एका हुकुमासरशीं शेंकडों बार काढणें हाच जेथें हेतु, तेथें बारीक वार्तेचें प्रयोजनही थोडें.

महादजी शिंद्यांनीं डी बॉयनकडून पलटणी उभ्या करविल्या, तेव्हां आग्र्याच्या कारखान्यांत सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं युरोपीय नमुन्याच्या बंदुका तयार होऊं लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर जें शिंद्यांचें पायदळ उभें राहिलें तें याच पद्धतीवर शिकलेलें. परंतु पलटणींबाहेर, किल्ल्यांवर व शिकारींत, तोड्याची बंदूक चालूच राहिली. याचें कारण केवळ गरिबी किंवा जुन्याचा हट्ट, असें सांगण्याचा परिपाठ आहे. तोड्याची बंदूक स्वस्त, दुरुस्तीस सोपी, व तीस चांगल्या गारांची जरूर नाहीं, हीं कारणें खरींच आहेत. पण तीं पुरेशीं नाहींत. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांत कोंकणांतील हेटकऱ्यांच्या नेमबाजीचा गौरव आहे, आणि हातघाईच्या लढाईंत मात्र ते मावळ्यांची बरोबरी करीत नसत असेंही तेथेंच म्हटलें आहे. ज्या लोकांचें काम तटाआडून किंवा खडकाआडून एक एक माणूस टिपणें हें होतें, त्यांस जड चाप व गारेचा धक्का यांपेक्षां बोटाच्या ताब्यांत असलेला हलका तोडा अधिक मानवला असल्यास नवल नाहीं. गार पोलादावर आपटते तेव्हां गोळी नळींतून निघण्यापूर्वींच बंदुकीस हिसका बसतो. तोडा वाटींत उतरतांना तसा हिसका नसतो. चापाचा पुरावा या जागीं उपयोगीं पडतो. हत्यार मागासलेलें होतें कीं वेगळ्या कामाचें होतें, याचा निर्णय करण्यास तो एक साक्षीदार आहे.

तोड्यावांचून उडणाऱ्या बंदुकीची माहिती आपल्याकडे नव्हती, असेंही म्हणतां येत नाहीं. घोड्याच्या अल्पशा हालचालीनें, तोड्याखेरीज बार उडतो, अशा बंदुकीचा उल्लेख आईन-इ-अकबरींत आहे. ती चाकाच्या कळीची असावी, असें मत इतिहासकार इरफान हबीब यांनीं मांडलें आहे. ज्या दरबारास अशी कळ ठाऊक होती, त्याच दरबारच्या शिकारीच्या बंदुका पुढेंही तोड्याच्याच राहिल्या. तेथें तरी गरिबीचें कारण लागू पडत नाहीं.

५. एक आक्षेप

आमच्या विवेचनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे व तो आम्हीच मांडतों. अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन या कारखान्यानें विसाव्या शतकांत आपल्या चक्री पिस्तुलांस निरनिराळ्या रुंदीचे चाप दिले. लक्ष्यवेधासाठींचा सर्वांत रुंद चाप अर्धा इंच असून त्यावर दांते पाडलेले असत. परंतु ज्या प्रकारांत एकाच लांब ओढीनें घोडा उठतो व पडतोही, त्या प्रकारासाठीं नेमबाजांनीं गुळगुळीत, गोल कडांचा व कमी रुंदीचा चाप पसंत केला. मग लांब पल्ल्यास रुंद चाप अनुकूल, हें आमचें म्हणणें खोटें ठरतें काय?

आमच्या मतें ठरत नाहीं, मात्र त्यास मर्यादा पडते. चक्री पिस्तुलाची लांब ओढ कमानीच्या जड विरोधाविरुद्ध असते, व ओढतांना बोटाचें पेर चापावरून आडवें सरकतें. या सरकण्यास दांते व रुंद कड अडथळा करतात. तोड्याच्या बंदुकीचा विरोध हलका असतो. बोट चापाबरोबर वर जातें, चापावरून सरकत नाहीं. म्हणजे पल्ला लांब कीं आंखूड एवढेंच पाहून चालत नाहीं. जोर किती, बोट सरकतें कीं टेकून राहतें, आणि पृष्ठ गुळगुळीत कीं खरखरीत, हेंही पाहिलें पाहिजे. केवळ रुंदीवरून सिद्धांत काढणारा फसेल. रुंदी न पाहतां सिद्धांत काढणाराही फसेल.

६. संग्राहकांस विनंती

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सूचींत "पानाच्या आकाराचा जाळीदार चाप" असें लिहिलेलें असतें, त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळत नाहीं. त्या पानाचा रुंद भाग बोटाखालीं येतो, कीं तो केवळ बाजूनें पाहणाराच्या डोळ्यास दिसतो? पान आडवें बसविलेलें असेल तर ती रुंदी नेमबाजाची आहे. पान उभें असेल तर ती रुंदी पाहणाराची आहे, व बोटास लागते ती फक्त पत्र्याची जाडी. बाजूनें घेतलेल्या छायाचित्रावरून हा निर्णय होत नाहीं. खालून छायाचित्र घ्यावें, किंवा चापाची आडवी रुंदी मोजून लिहावी.

म्हणून ज्यांच्यापाशीं जुन्या बंदुका आहेत, त्यांनीं प्रत्येकीच्या नोंदींत पुढील पांच गोष्टी घालाव्या अशी आमची विनंती आहे. बोट टेकतें त्या जागीं चापाची आडवी रुंदी. खिळीपासून टोंकापर्यंत त्याची लांबी. घोडा उभा असतां व वाटींत पडला असतां चापाच्या टोंकाच्या दोन जागांतील अंतर. कळ साधी कीं अडसराची. आणि पृष्ठाची झीज कोणत्या अंगास आहे. शेवटची गोष्ट विशेष मोलाची आहे. वर्षानुवर्षें बोट लागून जेथें जाळीच्या कडा गुळगुळीत झाल्या असतील, तेथें बोट कसें टेकत होतें हें त्या लोखंडानेंच लिहून ठेविलें आहे. मोजणी करण्यापूर्वीं बंदूक भरलेली नाहीं याची खात्री नळींत गज घालून करून घ्यावी. जुनी ठासलेली दारू वर्षानुवर्षें नळींत राहिलेली असूं शकते. गंजलेली कळ बळानें हालवूं नये. न हालेल तर तिसरें माप सोडून द्यावें, पण खिळी मोडूं नये.

या विनंतीस घाईचें एक कारण आहे. बंदुकीचे जे भाग मोडतात व बदलले जातात, त्यांत चाप पुढें असतो. नळी पिढ्यान् पिढ्या टिकते, दस्ता जपला जातो. परंतु सैल झालेला चाप काढून त्या जागीं नवा बसविणें हें कोणाही लोहारास सोपें. नवा चाप मूळच्या रुंदीचा असेलच असें नाहीं. जो गंज काढतो तो झीजही काढतो. बाजारांत येणारी जुनी बंदूक चकचकीत करण्याकडे विकणाराचा कल असतो, आणि प्रत्येक घांसणीबरोबर एका बोटाची खूण पुसली जाते. कागद जळाला तर दुसऱ्या दप्तरांत त्याची नक्कल मिळण्याची आशा असते. झिजलेल्या चापाची नक्कल कोठेंही नाहीं.

आपण लढायांच्या तारखा शोधल्या, सरदारांचीं घराणीं लाविलीं, पत्रांतील मजकूर शब्दशः उतरून घेतला. परंतु तटावर उकिडवा बसून, श्वास रोखून, ज्यानें तोडा वाटीजवळ नेला व कदाचित् परतही घेतला, त्या बरकंदाजाचें एक अक्षरही बहुधा आपल्यापाशीं नाहीं. त्याचें लिहिणें असेल तर तें चापाच्या त्या दोन बोटें लांबीच्या पत्र्यावर आहे. तें मोजावयास एक पट्टी व थोडी सवड पुरे आहे.